बक्षीस कोणत्या भिंतीला?

सोमवार, ३ मार्च २०२५. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या कारखान्याच्या नमुनाखोलीत सकाळचा चहा आला तेव्हा माझी हार सगळ्यांना कळून चुकली होती. महिन्याभरापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात मी शाईने एक नाव लिहून ठेवले होते : ‘कॉन्क्लेव्ह’. शेजारीच आमच्या तरुण सहकाऱ्याने पेन्सिलीने लिहिले होते : ‘विकेड’. पैज भज्यांची होती आणि विषय असा, की ऑस्कर पारितोषिकांपैकी ‘प्रॉडक्शन डिझाइन’चे पारितोषिक कोणत्या चित्रपटाला मिळेल. नायक कोण, नायिका कोण यांवर पैजा लावणारे पुष्कळ असतात. आम्ही दोघे यंत्रमागासाठी चादरींची व टॉवेलांची नक्षी आखणारी माणसे. आमचे लक्ष नायिकेच्या मागच्या पडद्याकडे आधी जाते. ‘विकेड’ला पारितोषिक मिळाले, भजी मला आणावी लागली. परंतु माझा अंदाज का चुकला, हा विचार भज्यांबरोबर संपला नाही. तो येथे मांडावासा वाटतो, कारण त्याचा संबंध आपल्या घरांशी आणि वेद्यांशीही आहे.

ज्याला आपण रंगभूमीवर नेपथ्य म्हणतो, त्याचे हे चित्रपटातील थोरले भावंड. पूर्वी याला कलादिग्दर्शन म्हणत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१२ साली पारितोषिकाचे नाव बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ केले. भिंत कोणत्या रंगाची, दार किती जड, मेजावर कोणते कापड, खिडकीतून उजेड कोणत्या उंचीवरून येणार, हे सारे या खात्यात येते. पात्राने तोंड उघडण्यापूर्वी त्याच्याविषयी प्रेक्षकाला जे कळते, त्यातले बरेचसे या भिंतींनी सांगितलेले असते.

‘कॉन्क्लेव्ह’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. रॉबर्ट हॅरिस यांच्या कादंबरीवरून एडवर्ड बर्गर यांनी तो २०२४ साली पडद्यावर आणला. पोप निवर्ततात, जगभरचे कार्डिनल रोमला येतात आणि नव्या पोपची निवड होईपर्यंत त्यांना बाहेरच्या जगापासून तोडले जाते. कथेतील शेवटच्या वळणाविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. मला बोलायचे आहे ते सूझी डेव्हिस यांनी उभारलेल्या वास्तूविषयी. सिस्टिन चॅपेलमध्ये कथापटाचे चित्रीकरण करू दिले जात नाही. म्हणून ते चॅपेल रोममधल्याच सिनेचित्ता या चित्रनगरीत उभे करण्यात आले. मूळ चॅपेलची लांबी सुमारे ४० मीटर आणि उंची सुमारे २० मीटर. छतावर मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविलेली चित्रे, वेदीमागे त्यानेच पुढे १५४१ साली पूर्ण केलेला अंतिम न्यायनिवाडा. जगातील कोट्यवधी माणसांनी जे प्रत्यक्ष वा छायाचित्रांत पाहिले आहे त्याची नक्कल करायची आणि कोणाला शंका येऊ द्यायची नाही, हे काम सोपे नव्हे.

तरीही मला अधिक मोलाची वाटली ती दुसरी वास्तू, कार्डिनलांच्या मुक्कामाचे सान्ता मार्ता हे निवासस्थान. खरे सान्ता मार्ता १९९६ साली वापरात आलेले एक साधे अतिथिगृह आहे. पोप फ्रान्सिस यांनी राजवाडा सोडून तेथेच राहणे पसंत केले होते. चित्रपटातले सान्ता मार्ता मात्र तुरुंगाची आठवण करून देते. लांबच लांब अंधाऱ्या मार्गिका, एकसारखी बंद दारे, खिडक्यांवर उतरवलेल्या झडपा. या मार्गिकेतून कार्डिनल लॉरेन्स चालू लागले, की एका वृद्ध धर्मगुरूच्या मनात काय चालले आहे ते संवादाविना कळते. एकीकडे देवाच्या महिम्याने भरलेले छत आणि दुसरीकडे माणसांच्या महत्त्वाकांक्षेने कोंदटलेली खोली, या दोहोंमध्ये ही माणसे रोज ये-जा करतात. मग मतदान चालू असतानाच स्फोट होतो, चॅपेलची उंचावरची खिडकी फुटते आणि धुळीबरोबर बाहेरचा उजेड आत येतो. त्या एका क्षणासाठी आधीचा दीड तास सगळे झरोके बंद ठेवलेले होते, हे तेव्हा ध्यानात येते. मी ‘कॉन्क्लेव्ह’ हे नाव शाईने लिहिले ते या खिडकीपायी.

पण पारितोषिकांचा इतिहास मी नीट वाचला असता तर पेन्सिल वापरली असती. रोमचे आणि पोपपदाचे चित्रण करणारे चित्रपट या पारितोषिकाच्या दारापर्यंत अनेकदा गेले आणि परत आले. १९६३ चा ‘द कार्डिनल’ नामांकित झाला. बक्षीस ‘क्लिओपात्रा’ने नेले. १९६५ चा ‘द अॅगनी अँड द एक्स्टसी’ हा तर मायकेलअँजेलोच्या छतावरचाच चित्रपट. त्यासाठी रोममधल्या चित्रनगरीत अख्खे सिस्टिन चॅपेल उभारले गेले होते. पारितोषिक मिळाले ‘डॉक्टर झिवागो’ला. १९६८ चा ‘द शूज ऑफ द फिशरमन’ ही रशियाच्या बंदिवासातून सुटून आलेला बिशप पोप होतो अशी कथा. पोलंडचे जॉन पॉल दुसरे निवडले गेले त्याच्या दहा वर्षे आधीची. तोही नामांकित झाला आणि ‘ऑलिव्हर!’कडून हरला. गंमत अशी की ‘झिवागो’ आणि ‘ऑलिव्हर!’ या दोन्हींचे संकल्पनकार एकच, जॉन बॉक्स. या गृहस्थांनी ‘झिवागो’चे मॉस्को स्पेनमध्ये माद्रिदजवळ बांधले होते, आणि ‘ऑलिव्हर!’चे लंडन चित्रनगरीत. व्हॅटिकनला दोनदा हरवणारा हा माणूस आपल्या मंडळींना ठाऊक असायला हवा! २०१९ च्या ‘द टू पोप्स’साठी पुन्हा सिस्टिन चॅपेल बांधले गेले, तेव्हा तर या विभागात नामांकनही मिळाले नाही. रोममध्ये एक म्हण आहे, की कॉन्क्लेव्हमध्ये पोप म्हणून शिरणारा कार्डिनल म्हणूनच बाहेर पडतो. ती या चित्रपटांनाही लागू पडावी, हे नवल.

याचा अर्थ आपल्या विश्वासाशी निगडित चित्रपटांना हे पारितोषिक मिळतच नाही, असा मात्र नाही. ‘द साँग ऑफ बर्नाडेट’ला ते मिळाले. तो १९४३ सालचा. फ्रान्स जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, लूर्द गावी जाऊन चित्रीकरण करणे अशक्य होते. म्हणून १८५८ सालचे लूर्द, तिथली ओढ्याकाठची गुहा आणि गिरणीवाल्याचे दरिद्री घर हॉलिवूडमध्ये उभे राहिले. ‘ब्लॅक नार्सिसस’ या १९४७ च्या चित्रपटालाही ते मिळाले. त्यात हिमालयाच्या कड्यावर एका जुन्या महालात धर्मभगिनी शाळा आणि दवाखाना काढतात. मठाच्या घंटेखाली हजारो फूट खोल दरी दिसते आणि पाहणाऱ्याचे पाय कापतात. चित्रपटाचा चमू मात्र भारतात आलाच नव्हता! आल्फ्रेड युंग यांनी तो महाल इंग्लंडमधल्या पाइनवूड चित्रनगरीत बांधला आणि मागची शिखरे काचेवर रंगविलेली होती. आता या दोन विजयी चित्रपटांकडे आणि हरलेल्यांकडे एकत्र पाहा. लूर्दची गुहा आणि हिमालयातला मठ नव्याने कल्पावा लागला. सिस्टिन चॅपेल मायकेलअँजेलोने आधीच रंगवून ठेवले होते. नक्कल जितकी निर्दोष, तितका तिचा कर्ता अदृश्य होतो. प्रेक्षकाला वाटते, हे तर तिथे होतेच.

आणि मत देणारा शेवटी प्रेक्षकच असतो. ऑस्करमधील पाच नामांकने त्या कलेतले लोकच ठरवितात. संकल्पनकारांची वेगळी शाखा आहे, तिला भिंतीमागची बांबूची बांधणीही दिसते. पण त्या पाचांतून एक निवडण्याचा अधिकार अकादमीच्या सगळ्या सभासदांना असतो. त्यात नट, लेखक, संगीतकार, निर्माते असे हजारो जण येतात. याउलट कलादिग्दर्शकांची जी स्वतःची संघटना आहे, ती बक्षिसे निराळ्या वर्गांत वाटते, जसे ऐतिहासिक, अद्‌भुत आणि समकालीन. फेब्रुवारी २०२५ मध्ये या संघटनेने समकालीन वर्गात ‘कॉन्क्लेव्ह’ला आणि अद्‌भुत वर्गात ‘विकेड’ला निवडले होते. पंधरवड्यानंतर दोघे एकाच तराजूत आले. एका पारड्यात अंधारी मार्गिका, दुसऱ्यात पाचूची नगरी आणि नॅथन क्राउली यांनी इंग्लंडमधल्या शेतात खरोखर लावून घेतलेली नव्वद लाख ट्युलिपची रोपे! काटा कुठे झुकणार हे आमच्या तरुण सहकाऱ्याला कळले, मला कळले नाही. ‘विकेड’चे काम हिणकस आहे असे मी म्हणणार नाही. नव्वद लाख रोपे लावायलाही धीर लागतो. परंतु ज्या नगरीत पहिल्या प्रवेशातच प्रेक्षक ‘अहाहा’ म्हणतो, तिच्यासमोर शेवटच्या प्रवेशात उमगणाऱ्या खिडकीचा पाड लागत नाही.

आमच्या धंद्यात हे रोज दिसते. बाहेरगावचा खरेदीदार नमुनाखोलीत येतो, मेजावर वीस चादरी पसरल्या जातात. त्याचा हात पहिल्यांदा मोरावर जातो, मोठ्या गुलाबावर जातो. वर्षअखेर हिशेब पाहावा तर पुन्हा पुन्हा मागणी आलेली असते ती बारीक चौकडीच्या साध्या चादरीला, जी त्या दिवशी मेजाच्या टोकाशी घडी घालून पडली होती. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, एकीकडचा रंग दुसरीकडे उलटतो. ती पांघरून झोपणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक होतात. खरेदीदार एकच बाजू पाहून जातो.

आपल्या देशातील राष्ट्रीय पुरस्कारांचा अंदाज बांधणे याहून कठीण. तेथे नामांकनांची यादी आधी जाहीर होत नाही. विभागीय समित्या चित्रपट पाहतात, केंद्रीय समिती निर्णय घेते आणि एके दिवशी नावे वाचली जातात. एक काळ असा होता की डोळे मिटून नितीन चंद्रकांत देसाई हे नाव लिहावे. दापोलीच्या या कलावंताला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ असे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘लगान’साठी कच्छच्या रखरखीत माळावर वसवलेले गाव आणि ‘देवदास’मधला चंद्रमुखीचा झगमगता महाल ही दोन्ही एकाच हाताची कामे आहेत, यावर विश्वास बसत नाही. मला त्यातले गाव अधिक आवडते. २ ऑगस्ट २०२३ रोजी कर्जतच्या आपल्याच चित्रनगरीत त्यांनी जीवनयात्रा संपविली, ती बातमी वाचल्यावर आमच्या खोलीत त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही.

त्यांच्याही आधी महाराष्ट्रात ही कला किती उंचीवर होती, हे सांगायला कोल्हापूर आणि ‘प्रभात’ आहेत. बाबुराव पेंटर यांनी रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खोली असलेली दृश्ये उभी केली. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या साहेबमामा फत्तेलाल यांनी दामल्यांबरोबर ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि पुण्यात देहू वसवले. मुसलमान घरात जन्मलेल्या कलावंताने बांधलेल्या त्या देहूत वारकऱ्याला काही उणे सापडले नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा नव्हता. अंदाज बांधण्याची चैन आम्हाला मिळाली ती पुढच्या काळात.

मात्र २०१५ च्या मार्चमध्ये माझा अंदाज साफ चुकला आणि त्या चुकीचा मला आजही आनंद आहे. मी ‘हैदर’ लिहिले होते. ‘हैदर’ला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, वेशभूषेचाही मिळाला, भिंतींचा मात्र ‘नाचोम-इया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटाला. संकल्पनकार अपर्णा रैना, दिग्दर्शक बार्ड्रॉय बार्रेटो. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या गाण्यांवर उभा असलेला हा चित्रपट. गोव्याहून मुंबईत येऊन हॉटेलांतून, क्लबांतून वाद्ये वाजविणाऱ्या कॅथलिक वादकांची ती कहाणी. समाजातल्या लोकांनीच पैसे उभे करून बनविलेला हा चित्रपट, त्याच्याकडे काश्मीरचे बर्फ नव्हते, महाल नव्हते. साठ-सत्तरच्या दशकांतली मुंबई आणि गोव्यातले घर त्याला तुटपुंज्या साधनांत दाखवायचे होते.

या पुरस्काराचे मोल कळण्यासाठी हिंदी पडद्यावरचे आपले घर आठवावे. ‘ज्युली’, ‘बॉबी’, ‘अमर अकबर अँथनी’ हे लोकप्रिय चित्रपट. मीही ते आवडीने पाहिले आहेत. पण कॅथलिक माणसाची खोली दाखवायची म्हटली की भांडारातून ठरलेल्या वस्तू येणार : भिंतीवर मोठा क्रूस, कोपऱ्यात गिटार, मेजावर बाटली. ज्या क्रूसासमोर कोणी कधी गुडघे टेकले नाहीत असा तो क्रूस. वसईतल्या, गोव्यातल्या किंवा आमच्या सोलापुरातल्या घरात वेदीचा कोपरा कसा असतो, हे त्या भिंतींना ठाऊक नसते. आजीच्या हातातल्या जपमाळेचे मणी झिजलेले असतात, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी खोचलेली असते, त्याखाली रेशनकार्ड आणि विजेचे बिलही असते. श्याम बेनेगल यांनी १९८५ साली ‘त्रिकाल’ केला तेव्हा पहिल्यांदा मला पडद्यावर खरे घर दिसले, कारण ते खरेच होते : लोटलीचे मारियो मिरांडा यांचे वडिलोपार्जित घर, बराचसा भाग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेला. ‘त्रिकाल’ला दिग्दर्शनाचा आणि वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भिंतींना काही मिळाले नाही. ‘कुंपासार’ने ती बाकी तीस वर्षांनी फेडली असे मी मानतो. त्यातल्या खोल्यांमध्ये माणसे राहून गेल्यासारखी वाटतात. वाद्य खोलीत ठेवलेले असते ते शोभेला नव्हे; ते गहाण पडले तर चूल पेटणार नाही, हे खोलीकडे पाहून कळते.

पुढच्याच वर्षी ‘बाजीराव मस्तानी’ने, म्हणजे आरसेमहालाने, तो पुरस्कार नेला, आणि तो अंदाज माझा बरोबर आला. त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नव्हते. पुढे २०१९ च्या ‘आनंदी गोपाळ’ला, सुनील निगवेकर व नीलेश वाघ यांच्या संकल्पनाला, तो मिळाला तेव्हा पुन्हा बरे वाटले. टपाल खात्यातल्या एका बदलीच्या नोकरदाराचे बिऱ्हाड, ओटा, माजघर, अभ्यासाचा दिवा : एवढ्यात तो काळ उभा राहिला होता. लहान समितीने एकत्र बसून, चित्रपट संपेपर्यंत खुर्ची न सोडता पाहिले, की कधीकधी घडी घातलेली चादरही उचलली जाते, असे या दोन निर्णयांवरून म्हणता येईल. कधीकधीच.

परीक्षकांवर इतके बोललो, तेव्हा माझी स्वतःचीही एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी नाताळात गव्हाणी स्पर्धेसाठी तीन परीक्षकांपैकी एक म्हणून मला बोलावले होते. नक्षीकाम करणारा माणूस, म्हणून. एका घरी प्लास्टरचा डोंगर, त्यातून वाहणारे खरे पाणी, फिरणारी पवनचक्की, पाच रंगांचे दिवे. मुलांची रीघ लागली होती. दुसरे घर यंत्रमागावरच्या कामगाराचे. त्याने जेकार्डची टाकून दिलेली भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डे शिवून गोठ्याच्या भिंती केल्या होत्या. गवताऐवजी मागाखालची सुताची गुंतवळ. आत एकच दिवा आणि गव्हाणी रिकामी. बाळ मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर ठेवणार, असे घरातली मुलगी म्हणाली. दिव्याचा उजेड भोकांतून भिंतीवर पडला होता. ती कार्डे कोणत्या चादरीची, हे मी भोकांवरून ओळखले. नक्षी माझीच होती. मी तिथे पुष्कळ वेळ उभा राहिलो. आणि गुणपत्रिकेवर पवनचक्कीला पहिला क्रमांक दिला. गुणपत्रिकेत ‘सजावट’, ‘भव्यता’ आणि ‘मेहनत’ असे तीन रकाने होते, आणि मी ते इमानाने भरले. पुढच्या वर्षी त्या घरी गोठा मांडला गेला, पण स्पर्धेत नाव नव्हते.

तेव्हापासून मी दिनदर्शिकेवर दोन नावे लिहितो : एक मिळेल त्याचे, एक मिळावे त्याचे. २०२५ साली मात्र दोन्हीकडे ‘कॉन्क्लेव्ह’च लिहिले होते. तेथे माझे चुकले.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी ख्रिस्तवासी झाले. ७ मे रोजी खरे कार्डिनल खऱ्या सिस्टिन चॅपेलमध्ये शिरले, त्यांनी शपथ घेतली आणि दार बंद झाले. दुसऱ्या दिवशी पांढरा धूर निघाला व पोप लिओ चौदावे सज्जात आले. पहिल्या दिवशीचे प्रक्षेपण आम्ही संध्याकाळची पाळी बदलत असताना नमुनाखोलीतल्या मोबाइलवर पाहिले. पैज जिंकलेला आमचा तरुण सहकारी बराच वेळ ते छत, त्या लाल झग्यांच्या रांगा निरखीत होता. मग त्याने विचारले, “सर, हे त्या पिक्चरमधलंच दाखवतायत का?”